अंगठ्याखालचं पाणी

दुसऱ्या रांगेतल्या त्या बाईने हळूच नजर वळवली आणि मोरूने ते बरोबर टिपलं. तिने टाळी वाजवली नाही असं नव्हे. वाजवली, बाकीच्यांबरोबरच वाजवली, पण वाजवताना ती पडद्याच्या झालरीकडे बघत होती. फाटकं लुगडं नेसलेली बाई समोरून आली की आपण कसे नेमके त्याच वेळी दुकानाच्या पाट्या वाचायला लागतो, तसं. डोक्यावर फेटा, अंगात चमकीचा झगा, हातात तांब्याचा लोटा, अशा थाटात मोरू, म्हणजे जाहिरातीतले प्रोफेसर एम. के. म्हात्रे, मायाजालाचे बादशहा, उजेडात उभे होते. लोटा त्यांनी पुन्हा एकदा उपडा करून दाखवला होता, चौरंगावर ठेवला होता, मंत्र पुटपुटले होते, आणि रिकामा लोटा पुन्हा काठोकाठ भरला होता. सगळं नेहमीसारखं झालं होतं. फक्त त्या चष्मेवाल्या बाईला अंगठा दिसला होता आणि तिला त्याची कीव आली होती.

हुर्यो परवडली असती. हुर्यो करणाऱ्याशी भांडता येतं, त्याला रंगमंचावर बोलावून त्याच्या कानातून अंडं काढता येतं, आणि मग तोच सगळ्यात मोठ्याने हसतो. कीव करणाऱ्याचं काय करायचं? झगा खुंटीला अडकवताना मोरू तेच घोकत होता. आत बोलपट सुरू झाला होता, नटीचा खरखरीत आवाज भिंतीतून येत होता, आणि आत्तापर्यंत पाय हलवत बसलेलं थेटर एकदम चिडीचूप झालं होतं. बोलपट येऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून मोरूचा खेळ म्हणजे जेवणाआधीची चूळ झाली होती. लोक पडद्याची वाट बघत त्याच्याकडे बघायचे, आणि वाट बघणारा माणूस फार बारीक बघतो. त्याला दुसरं काही करायचंच नसतं. त्याने आरशासमोर उभं राहून लोटा हातात धरला आणि अंगठा उचलला. दिसत होता. चांगला ढळढळीत दिसत होता. इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही, याचंच त्याला नवल वाटलं, आणि मग वाटलं, कदाचित सगळेच झालरीकडे बघत असतील.

तसं पाहिलं तर लोट्याचं गुपित म्हणजे एक भोक. लोटा दुहेरी असतो. आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यामध्ये पोकळी, पोकळीत पाणी, आणि गळ्यापाशी बाहेरून मोहरीएवढं भोक. भोकावर अंगठा दाबून धरला की लोटा उपडा केला तरी पोकळीतलं पाणी जागचं हलत नाही. अंगठा उचलला की हवा शिरते आणि ते पाणी तळाशी असलेल्या वाटेने मुकाट्याने आत येतं. दाबा, ओता, ठेवा, सोडा. उस्तादांनी हा लोटा त्याच्या हाती दिला तेव्हा ते म्हणाले होते, ‘बेटा, दबाना तो बच्चा भी सीख लेता है, छोडने में उम्र जाती है.’ तेव्हा मोरूला वाटलं होतं, म्हातारा उगाच मोठं बोलतो आहे. पेणच्या बाजारात त्याने पहिल्यांदा उस्तादांचा खेळ बघितला तो मिठाच्या गोणी उतरवायला गेला असताना. पायांना मिठागराच्या भेगा, भेगांत मीठ, आणि समोर एक माणूस रिकाम्या लोट्यातून पाणी काढतोय. खारेपाटातल्या, खाऱ्या जमिनीवरच्या माणसाने त्या माणसाच्या मागे जाऊ नये तर काय करावं? तो गेला. घरी निरोपही दुसऱ्याकडूनच गेला.

रतनशेठ विंगेत पान जमवत उभे होते. थेटर त्यांचं नव्हतं, पण थेटरात जे जे बोलपट नव्हतं ते सगळं त्यांचं होतं: नाचणाऱ्या पोरी, बाजा, सर्कशीतून आलेला अस्वलवाला आणि मोरू. उन्हाळ्यात सगळा जथा घेऊन ते रंगूनला निघाले होते, दोन वर्षांसाठी. रंगूनला अजून माणसं जिवंत माणसाचा खेळ बघतात असं त्यांचं म्हणणं. ‘मोरू, तुझा अंगूठा दिसते,’ ते शांतपणे म्हणाले. ते रागावले असते तरी चाललं असतं. ‘रंगूनमदी लोक अगदी पुढे बसते. शिमग्याला गावी जातोस ना? जा. पण लोटा सुधरून ये, नाही तर तुझ्या जागेवर पोपटवाला घेतो. अने हां, बोल, एकला येणार के बायडी साथे? बोटीवर जागा धरायची छे.’ आणि मोरू म्हणाला, ‘एकटा.’ विचार करायला त्याला श्वासाइतकाही वेळ लागला नाही. अंगठा जसा आपोआप भोकावर जाऊन बसतो तसा तो शब्द जाऊन बसला.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची बोट सुटली तेव्हा तो शब्द अजून तोंडात होता. बोटीत शिमग्याला जाणाऱ्यांची ही गर्दी, कुणाचा ढोल, कुणाची कोंबडी, आणि मोरू कठड्याशी लोट्याचं गाठोडं मांडीत घेऊन बसलेला. एकटा का म्हणालो? जनीला, बायकोला, काय सांगायचं याची त्याने पुन:पुन्हा जुळवाजुळव केली. बायकामाणसाला परमुलूख झेपायचा नाही, आयेला कोण बघणार, तिकडची हवा. सगळं खरं होतं आणि यातलं एकही कारण नव्हतं. आये तर मागच्या दिवाळीतच म्हणाली होती, ‘घेऊन जा रं तिला, मी काय मरत न्हाय. तुजी आत्या हाय उशाला.’ खरं कारण त्या चष्मेवाल्या बाईने झालरीकडे बघितलं तेव्हा त्याला कळलं होतं, आणि ते असं की जनीने त्याला तिथे बघू नये. गावात तो मुंबईचा जादूगार होता. गावात त्याच्या नावाला वजन होतं. विंगेत उभं राहून तिने बघितलं असतं की नवरा बोलपटाआधी घटकाभर लोकांची करमणूक करतो आणि लोक तोवर शेंगा सोलतात. तिने काही म्हटलं नसतं. तिने नजर वळवली असती. त्याला ते सहन झालं नसतं, बस्स. याला प्रेम म्हणावं की काय म्हणावं, हे बोट रेवसला लागेपर्यंत त्याला ठरवता आलं नाही.

पोयनाडच्या अलीकडे गाडीवाट सोडली की बांध लागतो आणि बांधावरून गाव दिसतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, मधे माणसं. पाणी सगळीकडे, प्यायला कुठेच नाही. फाल्गुनात गावातलं तळं भांडी घासण्यापुरतं उरतं आणि तेही मचूळ. पिण्याचं पाणी डोंगराखालच्या विहिरीवरून यायचं, कोसभरावरून, बायकांच्या डोक्यावरून. दारात पाय ठेवल्यावर जनीने त्याच्या हातात तांब्या दिला आणि तो एका घोटात प्यायला, वर चूळही भरली. चूळ त्याने अंगणात टाकली तेव्हा ती ओल्या जमिनीकडे बघत राहिली. मुंबईच्या नळाने लावलेली ही सवय. त्याला ओशाळल्यासारखं झालं. आये मात्र खूश होती. ‘मुंबयचं पानी मानवलं तुला, उजळलास,’ ती म्हणाली आणि त्याच्या गालावरून बोटं फिरवून तिने ती कानशिलावर मोडली.

तो सकाळपासून पडवीत लोटा घेऊन बसे. लोटा सुधारायचा म्हणजे लोट्याला काही करायचं नव्हतं, हाताला करायचं होतं. आजवर तो भोकावर अंगठ्याचं टोक ठेवत आला होता. टोकाला सगळं कळतं, पण टोक उचललं की अख्खा अंगठा उठतो, कोंबड्याच्या मानेसारखा. म्हणून त्याने लोटा अंमळ फिरवून धरून बघितला. आता भोकावर अंगठ्याचं खालचं पेर येत होतं, आणि पेर उचलावं लागत नाही, जरासं कलंडवलं की पुरतं. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. शिवाय लोटा खाली ठेवल्यावर भोक सोडायचं ही उस्तादांची रीत. त्याऐवजी ठेवण्याआधी लोट्यासकट हात प्रेक्षकांवरून मोठ्या ऐटीत फिरवायचा आणि त्या फिरवण्यातच पेर कलंडवायचं. मोठी हालचाल लहान हालचालीला पोटात घेते. पडवीत बसून त्याला हे इतक्या उशिरा सुचत होतं आणि सुचताना इतका आनंद होत होता की क्षणभर रंगून, रतनशेठ, सगळं विसरायला व्हायचं. हातातली गोष्ट जुळून येण्याचं सुख वेगळंच असतं. त्यात कुणाला फसवायचं आहे हेही माणसाला आठवत नाही.

एक अडचण उरली. पेराला टोकासारखं कळत नाही. लोटा ओला झाला की भोक नेमकं कुठे आहे ते पेराला सापडेना. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. काहीतरी खूण हवी होती, हाताला लागेल आणि डोळ्याला दिसणार नाही अशी. जनी दारात बसून वेणी घालत होती. शेजारी तिची मेणाची डबी उघडी होती, कुंकवाखाली लावायच्या मेणाची. मोरूने बोटाने चिमूटभर मेण उचललं, भोकाच्या काठाला त्याचा तांदळाएवढा दाणा चिकटवला आणि त्यावर पेर टेकवून बघितलं. बसलं. जाऊन नेमकं बसलं.

‘कुंकू कुनाला लावताय?’ जनीने विचारलं.

‘लोट्याला.’

‘मंग माजी सवतच म्हना की ती. मुंबयला निजायला पन उशाशीच घेत असाल.’

ती हसली आणि तोही हसला, पण लोट्याकडे बघत. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी त्याने तिला हे भोक दाखवलं होतं. जे कुणाला दाखवायचं नाही ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्या वयात राहवत नाही. तिने स्वतःचा अंगठा भोकावर दाबून लोटा उपडा केला होता, एक थेंब पडला नव्हता, आणि ती लहान पोरीसारखी खिदळली होती. मग सोडलंच नव्हतं तिने, कितीतरी वेळ. ‘सोड की,’ तो म्हणाला होता. ‘सोडला की सपलं,’ ती म्हणाली होती. आता तिच्या वेणीत मधेच एक पांढरा केस होता. त्याला तिच्याकडे बघवेना. बघितलं की ‘एकटा’ आठवायचं. म्हणून तो आल्यापासून हरघडी काही ना काही बोलत होता. नळ कसा सोडला की सुटतो, रात्री दिव्यांची रोषणाई कशी असते, अस्वल कसं सलाम करतं. बोलता बोलता तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायचा. आज सांगू, उद्या सांगू, होळी होऊन जाऊ दे. होळीही होऊन गेली.

धुळवडीच्या दुपारी गावाने त्याला ओढूनच नेलं. तळ्याकाठी, होळीची राख अजून धुमसत होती त्याच्या बाजूला, सगळे जमले. ऊन मी म्हणत होतं. पुरुष गुलालाने आणि चिखलाने रंगलेले, काही ताडीनेही. मोरूने झगा घातला नाही, नुसता फेटा बांधला. पहिल्यांदा रुमाल झाले, अंडं झालं, सदा पाटलाच्या कानातून पैसा निघाला, हसून हसून सगळे बेजार. मग त्याने लोटा घेतला. नेमक्या त्याच वेळी विहिरीवरून बायका परतल्या, डोक्यावर दुडी, वर कळशी खाली हंडा, आणि खेळ बघायला कडेने तशाच उभ्या राहिल्या. त्यांत जनी होती. मोरूने लोटा सगळ्यांवरून फिरवला आणि उपडा केला. पाणी धारेने जमिनीवर पडलं.

‘अरं मेल्या, गोडं पानी भुईवर वततोस?’ ठमाबाई ओरडली. ही त्याची आत्या, सगळ्या गावाला तिच्या जिभेचा धाक.

‘आत्ये, खेळ हाय त्यो.’

‘खेळ हाय ते आमाला बी ठावं हाय. पन पानी खरं हाय न्हवं?’ असं म्हणून तिने आपली कळशी उतरवली, जवळचं रिकामं घमेलं पायाने सरकवत आणलं आणि त्याच्या समोर ठेवलं. ‘हां, आता वत काय वतायचं त्ये.’

सगळे हसले, मोरूही हसला. पण पुढच्या खेपेला त्याने लोटा उपडा केला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कुणीच त्याच्याकडे बघत नाहीये. लोकांचे डोळे धारेबरोबर खाली जात होते, घमेल्यात पाणी पडेपर्यंत थांबत होते, उडालेला थेंब कुठे गेला तेही बघत होते. पुरुषसुद्धा. ताडी प्यालेला भिकूसुद्धा. हात, अंगठा, पेर, यांतलं कुणालाच काही दिसत नव्हतं. त्याने मुद्दाम पेर जरा जास्तच कलंडवलं. काही नाही. मग अख्खा अंगठाच उचलला, जुन्या रीतीने, ढळढळीत. कुणाची पापणी हलली नाही. मुंबईत वर्षानुवर्षं मंत्र, विनोद, डोळे वटारणं, चुटक्या वाजवणं, काय काय करून तो लोकांची नजर हातावरून उठवायला धडपडला होता. इथे काही करावंच लागत नव्हतं. जे वाया गेलेलं परवडत नाही तिकडे माणूस बघतो. एवढंच होतं ते. मोरूच्या अंगावर काटा आला. आनंदाने त्याचा हात हलका झाला, त्याने लोटा वर नेला, ऐटीत फिरवला, चौरंगावर ठेवला, मंत्र म्हटले, आणि लोटा भरला नाही.

त्याने पुन्हा मंत्र म्हटले. लोट्याच्या तळाशी तांब्याचा लालसर पत्रा तसाच उघडा होता. त्याने पेर काढून अंगठ्याच्या टोकाने चाचपलं, तेव्हा हाताला काहीतरी चिकट लागलं. मेण उन्हाने पातळ झालं होतं आणि भोकात उतरून बसलं होतं. पोकळीत पाणी होतं, भरपूर होतं, पण हवा जायला वाट नव्हती. नखाने काढायला पळभर पुरलं असतं. पण आता घमेल्यात काही पडत नव्हतं, आणि डोळे हळूहळू वर यायला लागले होते, एकेक करून, घमेल्यावरून चौरंगावर, चौरंगावरून त्याच्या हातावर. ‘सपलं काय रं पानी?’ कुणीतरी म्हणालं. भिकू फिसकन हसला. मोरूने पुन्हा एकदा हात फिरवला. घाम डोळ्यांत गेला. इथेही. त्याच्या मनात एवढाच शब्द होता, इथेही. मुंबईत कीव करणारी बाई परकी होती. इथली सगळी माणसं त्याला नावाने ओळखत होती. आता त्यांतली चांगली असतील ती तळ्याकडे बघायला लागतील.

तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. हंडा दगडावर आपटला, कळशी गडगडत गेली, आणि बायकांचा एकच गलका उठला. जनीची अख्खी दुड खाली पडली होती. गोडं पाणी धुळीतून वाट काढत होळीच्या राखेकडे धावलं आणि जमीन ते बघता बघता प्यायली. सगळा गाव तिकडे वळला. कुणी कळशीमागे धावलं, कुणी हंडा सरळ करून तळात किती उरलं ते बघितलं. ‘डोळं फुटलं काय गो तुजं!’ ठमाबाई कडाडली. मोरूचं नख आपोआप भोकात गेलं. मेणाची बारीक सुतळी बाहेर आली, हवा आत शिरल्याची बारीकशी सुसकारी त्याला ऐकू आली, आणि लोटा भरू लागला. लोक परत वळले तेव्हा तो काठाशी आला होता. त्याने मान लववली. टाळ्या अशा पडल्या की तळ्यावरचे बगळे उडाले.

घरी येईपर्यंत तो हवेत चालत होता. डोक्यात रंगूनचा रंगमंच उभा राहिला होता: मागच्या बाजूने एक बाई डोक्यावर हंडा घेऊन येते, नेमक्या वेळी ठेचकाळते, हंडा पडतो. पोपटवाल्याची काय बिशाद! असली नजरभूल उस्तादांनाही सुचली नव्हती. तो उंबऱ्याशी आला तेव्हा जनी रिकामा हंडा आणि चेमटलेली कळशी घेऊन पुन्हा बाहेर पडत होती. घरात प्यायला पाणी नव्हतं. आयेचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि ठमाबाई शेजारच्या ओटीवरून अजून बोलतच होती. जनीने सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं, पाय घसरला. सपाट, वाळकी, कोरडी ठणठणीत जमीन, आणि पाय घसरला. मोरूच्या मनातला रंगमंच एकाएकी विझला. जन्मात हिची दुड हिंदकळली नव्हती. त्याने तिच्या हातातला हंडा घेतला. तिने नको म्हटलं नाही. दोघं बांधावरून चालू लागली, ती पुढे, तो मागे.

‘मेणाचं तुला कसं कळलं?’ त्याने विचारलं.

‘मेन कुनाचं व्हतं? माजंच न्हवं? माजं कुंकू नाकावर वघळलं तवाच म्हटलं, सवतीचं बी वघळलं असनार.’

तिच्या नाकाच्या शेंड्यावर खरंच लाल ओघळ होता. त्याला हसू आलं. मग तो बोलायला लागला, भराभर, आल्यापासून बोलत होता तसाच. हंडा पाडायची युक्ती किती नामी आहे, मुंबईत रंगमंचावर ती कशी करता येईल, कुणाला शिकवता येईल. ती ऐकत चालली होती. मिठाच्या राशींवरून येणारा वारा तिचा पदर ओढत होता.

‘तितं नळ हाय म्हनता,’ ती मधेच म्हणाली. ‘तितं हंडा पडला तर कोन मान वळवंल?’

मोरूने हंडा दुसऱ्या हातात घेतला. तिने हे टोमण्यासारखं म्हटलं नव्हतं, जसं आहे तसं म्हटलं होतं. रंगूनलाही नळ असतील. मुंबईच्या त्या दुसऱ्या रांगेत हंडा पडला असता तर लोकांनी पाय वर घेतले असते, एवढंच. जो खेळ इथे बिनचूक होत होता तो इथे पोट भरायला उपयोगाचा नव्हता, आणि जिथे पोट भरतं तिथे त्याच्या पाण्याला किंमत नव्हती. असं असूनही त्याला वाईट वाटत नव्हतं, याचंच त्याला आश्चर्य वाटलं. त्याच्या डोळ्यांसमोर धुळीत पसरणारं पाणी होतं. गाव पाण्याकडे बघत होता तेव्हा ही बाई त्याच्याकडे बघत होती. त्याचा घाम बघत होती. कोसभर चालून आणलेलं सगळं तिने एका क्षणात ओतून टाकलं होतं, वर गावाच्या शिव्या खाल्ल्या होत्या, आणि आता पुन्हा तेवढंच चालायला निघाली होती.

विहीर जवळ आली. उन्हं कलली होती, बायकांची रांग होती, आणि हंडा घेतलेला पुरुष बघून रांगेत खसखस पिकली. मैना नावाची एक तरणी पोर म्हणाली, ‘वैनी, जादूगार आनलाय तर लोट्यानंच भर की घर!’ जनीने तिला हसून एक चापटी दिली, पण मोरूकडचा हंडा रांगेत लावून ती बाजूच्या करंजाखाली जाऊन बसली आणि पहिल्यांदाच वळून त्याच्याकडे सरळ बघू लागली.

‘जायचं आसंल तर जावा,’ ती म्हणाली. ‘मी आडवी येनार न्हाय. पन माज्यासमोर आंगठा दाबून बसू नका.’

‘कुठं जायचं?’

‘ते मला काय ठावं? आल्यापासून तुमी माज्याकडं बघितलं न्हाय. कायतरी दाबून धरलंय एवढं दिसतंय. हात दुखत न्हाय का?’

दुखत होता. खरोखरच दुखत होता, मनगटापासून वर सगळा. मोरू तिच्याजवळ जमिनीवर बसला. आधी रंगून म्हणाला. मग दोन वर्षं म्हणाला. तिचा चेहरा हलला नाही. तेवढ्यावर थांबता आलं असतं, तिने आणखी काही विचारलं नव्हतं. पण एकदा सुटलं ते त्याला आवरेना. त्याने तिला चष्मेवाल्या बाईचं सांगितलं. शेंगा सोलणाऱ्या लोकांचं सांगितलं, मायाजालाचा बादशहा बोलपटाआधी घटकाभर उभा राहतो ते सांगितलं, अंगठा दिसतो ते सांगितलं. आणि सगळ्यात शेवटी, जे तळाशी होतं ते, की रतनशेठने विचारलं होतं, एकटा येणार की बायको बरोबर, आणि आपण म्हणालो, एकटा. ‘तू मला तिथं बघू नयेस म्हणून,’ तो म्हणाला. ‘लाज वाटली मला.’

जनीने चेमटलेली कळशी मांडीवर घेतली आणि आतून अंगठ्याने तिचा पोचा बाहेर काढायचा प्रयत्न करत राहिली. तिचे डोळे भरले होते. ते तिने पुसलेही नाहीत आणि लपवलेही नाहीत. रांग सरकली. मैनाने हाक मारली, ‘वैनी, तुजी पाळी!’ ती उठली, कळशी कमरेवर घेतली, दोन पावलं गेली आणि थांबली.

‘रंगूनचं पानी गोडं हाय का खारं?’ तिने विचारलं.

मोरूला माहीत नव्हतं. त्याने तसं सांगितलं.